कोठीच्या दाराची फळी

सुभद्रेनं पाण्याची घागर आदळली आणि पदर खोचून नवऱ्यासमोर उभी ठाकली.

"मायी फळी काढा आधी. मंग पानी मारीन भित्तीले."

नत्थुजी सुतारानं कोपऱ्यातली पहार उचलली. अमरावतीच्या या नव्या, मोठ्या गिरजाघराच्या भिंती विटांच्या नव्हत्याच. फळ्यांचे साचे उभारायचे, त्यात सिमेंट, रेती, गिट्टी ओतायची, घट्ट झालं की फळ्या उतरवायच्या. साच्याला फळ्या कमी पडल्या, तर या बाबानं घरच्या कोठीचं दारच उचलून आणलं! त्याच दारावर त्यांच्या जमुनेनं खिळ्यानं पोपट कोरला होता. गेल्या साली पोर मोतीझऱ्याच्या तापानं गेली. मागं काय राहिलं? तो एक पोपट. दार गेल्यापासून सुभद्रा नवऱ्याशी धड बोलली नव्हती.

"दुसऱ्याच्या देवाच्या भित्तीत मायी पोर गाडली तुमी," ती म्हणाली.

नत्थुजीनं पहार घातली. फळी कडकडली आणि तिचे दोन तुकडे त्याच्या हातात आले. आतून भुसा गळला. सुभद्रा मटकन खाली बसली.

"वाळवी वं," तो हलकेच म्हणाला. "पोळ्यापासूनच लागली होती. राकेल लावलं, डांबर लावलं. काई उपेग नाई. एक दिवस पोपटच खाल्ला असता तिनं."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"कोन्या तोंडानं सांगू? भित्तीकडं पाह्य आता."

तिनं पाहिलं. लाकडात खोल गेलेली रेघ भिंतीवर उठून आली होती. तोच पोपट, तीच वाकडी चोच, एक पाय काढायचा राहिलेला. नुसतं तोंड दुसरीकडं फिरलं होतं.

"वरून गिलावा करतीन," ती पुटपुटली.

"नाई करत. बांधकामाच्या टोपीवाल्या साहेबाले आधीच इचारलं मी. भित अशीच उघडी ठेवाची म्हणे, फळ्यांच्या रेघांसकट. तवाच कोरली बाजू आत ठेवली."

सुभद्रेनं बोटानं चोच चाचपली. बराच वेळ तिथून तिचा हात निघेना. मग डोळे पुसून ती उठली. नवी भिंत भिजत ठेवायचं काम तिचंच. तिनं सपासप पाणी मारत आणलं आणि पोपटापाशी येऊन थबकली.

"आता काय झालं?"

"थंडं हाये पानी."

थंड पाणी अंगावर पडलं की जमुना सारी आळी डोक्यावर घ्यायची, हे काय नत्थुजीला सांगायला हवं होतं? तो उठला आणि उन्हात तापलेल्या पाण्याची बादली घेऊन आला.