सकाळचं माप

राधाबाईचा उजवा हात गणपत रोज पहाटे आपल्या दोन तळव्यांत धरून बसे. बाहेर नळावर बादल्यांची रांग लागलेली असे, चूल पेटायची असे. पण हात मोकळा झाल्याशिवाय तिला आगपेटीची काडीही ओढता येत नसे. सांधे सुजलेले, बोटं लाकडासारखी. नवऱ्यानं पेरापेरावर हलका दाब दिला, की अर्ध्या तासानं ती वाकायला लागत, पण मिलमध्ये पुन्हा आखडत.

करी रोडच्या चाळीत राहणाऱ्या या दोघांचा जन्म सुतातच गेला होता. गणपत मिलमध्ये साच्यावर कापड विणायचा. राधाबाई वाइंडिंग खात्यात, जिथं बायका बॉबिनवरचं सूत मशीनवर गुंडाळून घेतात. धागा तुटला की दोन्ही टोकं पकडून पापणी लवायच्या आत गाठ मारायची, हे तिथलं कसब. खात्याची नायकीण शेवंती नवी नवरी असताना कामावर आली, तेव्हा ही गाठ तिला राधाबाईनंच शिकवली होती. म्हणून तर परवा बोलताना शेवंतीनं मान वर केली नव्हती.

"मावशी, सोमवारी साहेब फिरणार आहे. तुझ्या बाजूला राहिलेल्या बॉबिनांचा ढीग दिसला, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

राधाबाईनं हे घरी तांदूळ निवडता निवडता सांगितलं.  गणपतनं विचारलं, मी दाबतो तेव्हा बरं वाटतं ना? ती म्हणाली, वाटतं की, पण तुम्ही काय माझ्या मशीनपाशी येऊन बसणार आहात?

तो उठला आणि दोरीवरचं आपलं जुनं बनियन काढून आणलं. ताणलं की लांबतं, सोडलं की आवळतं, असं ते कापड. त्यानं तिचा हात वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं भोवती रेघ मारली, कापड कापलं आणि सुईदोरा घेऊन हातमोजा शिवायला बसला. शेजारच्या मीराबाईनं दारातून डोकावून चेष्टेनं विचारलं, की लुगड्याला काठ कधी लावायला घेणार? त्यानं सुई दातात धरून मान डोलावली.

शुक्रवारी पहाटे राधाबाईनं तो मोजा कसाबसा चढवला. चहा उकळेपर्यंत बोटांना मुंग्या आल्या, तवा तापेपर्यंत कळ खांद्यात गेली. शेवटी गणपतनं कात्रीनं मोजा कापला. आतली नखं निळी पडली होती. जन्मभर साच्यावर ताण्याचे उभे धागे घट्ट ठेवणारा माणूस. सैल म्हणजे खराब, हे त्याच्या अंगात भिनलेलं. तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, माप तर बरोबर घेतलं होतं. बोटांची टोकंही शिवून टाकलीत, धागा कळायचा कसा, असं राधाबाईच्या ओठांवर आलं होतं. त्याचा चेहरा पाहून ती गप्प बसली.

शनिवारी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. एकाही मिलचा भोंगा वाजला नाही. दोघं सवयीनं जागी झाली, आणि गणपतनं तिचा हात हातात घेतला. आज कुठंच पळायचं नव्हतं. उजाडत गेलं तसा तो त्या हाताकडे बघत राहिला. बोटांची सूज उतरत होती, सुरकुत्या परत दिसू लागल्या होत्या.

"अगो, मी माप संध्याकाळी घेतलं," तो म्हणाला. "सकाळी हा हात वेगळाच असतो."

तेव्हा राधाबाईनं टोकांचंही सांगून टाकलं.

रविवारी पहाटे, हात सुजलेला असतानाच, त्यानं नवं माप घेतलं. दुपारी चाळीतली माणसं सभेला निघाली आणि त्याला हाका मारू लागली. आलोच, अंगठा तेवढा राहिलाय, असं तो आतून म्हणाला. सगळे हसले. तो सभेला पोचला, तेव्हा अर्धी भाषणं झाली होती.

सोमवारी मशीनपाशी राधाबाईनं मोजा चढवला. दाब बसला, हलका, न सुटणारा, ओळखीचा. पाठीमागे साहेबाचे बूट वाजले. नेमका तेव्हाच धागा तुटला. उघडी टोकं धाग्याला लागली, पेरं वाकली, गाठ बसली. दुसरी बसली. तिसरीला वेळ लागला, पण तीही बसली. साहेबानं मोज्याकडे बोट दाखवलं, तशी शेवंतीच आधी बोलली.

"अंगासरसा आहे साहेब, कुठं अडकत नाही. ढीग बघा ना, आहे का कुठं?"

ढीग नव्हता. साहेब पुढं गेला. शेवंती जाता जाता राधाबाईच्या पाठीला नुसता हात लावून गेली.

संध्याकाळी घरी राधाबाईनं मोजा उतरवून खिडकीत ठेवला. हातावर शिवणीच्या बारीक रेघा उमटल्या होत्या. गणपत समोर बसला आणि त्यानं तो हात आपल्या तळव्यांत घेतला.

"आता कशाला?" ती म्हणाली. "मोजा आहे ना."

"दिवसभर राबलाय तो," गणपत म्हणाला. "त्याला जरा बसू दे."