शेणाखालची चीर

भिंतीवरून शेणामातीचा हात फिरवताना गोजराबाईची दोन बोटं आत गेली. कालपर्यंत तिथं नखही शिरत नव्हतं.

कोयनेच्या भूकंपात कासार आंबोलीतलं एकही घर पडलं नव्हतं. तिच्या माजघराला मात्र केसाएवढी चीर गेली. कुशाबा गवंडी बजावून गेला होता, "मातीत बसवल्याले गोटे हायेत. चीर सरळ न्हाई जायाची, गोट्या-गोट्याला वळसा घालील. सारवू नगा, डोळ्यांम्होरं ऱ्हाऊ द्या."

पण लेक जया पहिलटकरीण, माहेरी आलेली, आणि तिची बाज त्याच भिंतीशी. चिरलेल्या घरात बाळंतपण म्हटल्यावर विहीण तिला उचलूनच न्यायची! म्हणून गोजराबाई रोज सकाळी चीर लिंपायची. नवरा भिवाजी विचारायचा, "वाढली का गं?"

"कुटं वाढतीया? दिसती का तुमास्नी?"

शेणाखाली काय दिसणार, कपाळ!

आज जयाला कळा सुरू झाल्या होत्या. कालच आलेली विहीण, रत्नाबाई, सुनेची कंबर चोळत बसली होती. "इहीणबाई, भिंत लई झ्याक सारवलीया तुमी," ती म्हणाली.

गप्प बसलं तर गोजराबाईची अब्रू राहणार होती. तेवढ्यात तुळईखालून माती भुरभुरली ती थेट जयाच्या उशाशी. गोजराबाईनं खुरपं घेतलं आणि भिंत खरवडायला लागली. पोपडे गळाले. चीर गोट्यांना वळसे घेत, फाटे फोडत, दातेरी होत पार तुळईपर्यंत गेली होती.

"म्याच झाकली हुती," बाजेचं एक टोक धरत ती म्हणाली. "उचला पोरीला, गोठ्यात न्या."

"पोटच्या पोरीला हितं निजवलीत?" रत्नाबाई एवढंच बोलली आणि तिनं बाजेचं दुसरं टोक धरलं.

संध्याकाळी गोठ्यात मुलगा झाला. भिंत पडली नाही. "आजून हुबीच हाय की," भिवाजी दोनदा म्हणाला. गोजराबाईला त्याचा भयंकर राग आला.

पाचवी पुजून होताच रत्नाबाईनं गाडी जुंपायला सांगितली. "बारसं आमच्याकडंच करू," ती म्हणाली. बाळंतीण सव्वा महिना माहेरी राहते, हे तिला काय ठाऊक नव्हतं? पण गोजराबाईच्या तोंडून 'ऱ्हाऊ द्या' निघालं नाही. तिनं गाडीत गवत पसरलं, वर गोधडी घातली, नातवाला जयाच्या मांडीवर दिलं.

गाडी हलली. जया बाळाची कुंची नीट करत राहिली. तिनं आईकडं बघितलं नाही.