माझ्या मार्गदर्शनाखाली

निःस्वार्थ सेवा करणाऱ्याचा हात कधी थरथरत नाही, असं सेवा मंडळाच्या सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्या अक्षरांच्या बरोबर खाली इंजिनिअरकाका एक मिक्सर उलटा करून बसले होते, आणि त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थरथरत होता. चार स्क्रू निघाले होते. पाचवा कुठे असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"काय झालंय हो काका त्याला?" मिक्सर घेऊन आलेल्या शिक्षिकाबाईंनी विचारलं.

काकांनी मिक्सर कानाशी नेऊन हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"पार्ट गेलाय," ते म्हणाले. "मागवावा लागेल. पुढच्या रविवारी या."

पार्ट गेलाय हे वाक्य कुठल्याही यंत्राला लागू पडतं, हा काकांचा गेल्या आठ महिन्यांतला एकमेव तांत्रिक शोध होता.

इंजिनिअरकाका इंजिनिअर नव्हते. वीज खात्यात होते हे खरं, पण चौतीस वर्षं त्यांनी तिथे आवक-जावक सांभाळली होती. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि तो पुढच्या टेबलाकडे सरकवायचा. विजेशी त्यांचा संबंध डोक्यावरच्या पंख्यापुरता. तो बंद पडला की तेही इतरांसारखे फायलीच्या पुठ्ठ्याने वारा घेत वायरमनची वाट बघायचे. पण ते निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मंडळाचे अध्यक्ष घरी आले. 'मोफत दुरुस्ती रविवार' सुरू करतोय, लोकांच्या बंद पडलेल्या वस्तू फुकट नीट करून द्यायच्या, तुम्ही वीज खात्यातले, तुमच्याशिवाय आहे कोण, असं म्हणाले. 'तुमच्याशिवाय आहे कोण' हे काकांना चौतीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं. खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात अध्यक्ष त्यांना "इंजिनिअरसाहेब" म्हणाले, आणि उघडलेलं तोंड हसण्याच्या कामी आलं.

"बोलला का नाहीत?" अध्यक्ष गेल्यावर बायकोने विचारलं. "ट्यूब बदलायची तर मी शेजारच्यांना हाक मारते."

"वेळ आली की सांगेन."

"आत्ता आली होती ती कोण होती मग?"

तेव्हापासून दर सोमवारी सकाळी काका रविवारच्या बंद वस्तू बाजाराच्या पिशवीत घालत, वर टॉवेल पसरत आणि दोन स्टॉप पलीकडच्या पुलाखाली एका मेकॅनिकच्या दुकानात जात. दुकान म्हणजे अर्ध्या शटरची जागा. एक टेबल, एक वाकवता येणारा दिवा, भिंतीवर खिळ्यांना लटकवलेली वायरींची भेंडोळी. मेकॅनिक पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. काकांना दिवसभर न सापडलेला पाचवा स्क्रू तो न बघता काढायचा. तो कंपनीच्या लेबलखाली असायचा. काका पेन्शनमधून पैसे द्यायचे आणि पुढच्या रविवारी वस्तू चालू होऊन मालकाच्या हातात पडायची. लोक म्हणायचे, काकांच्या हाताला यश आहे. यश होतंच. फक्त हात पुलाखाली होता.

"घरातलाय," असं सांगून काका वस्तू टेबलावर ठेवत. चौथ्या मिक्सरच्या वेळी मेकॅनिकने मान वर केली.

"घरात माणसं किती काका?"

"दोघंच."

"आणि मिक्सर चार?"

"नातेवाइकांचे आहेत."

"गोतावळा मोठा आहे," एवढंच म्हणून तो कामाला लागला.

शिक्षिकाबाईंचा मिक्सर मात्र त्याने उघडला आणि तसाच धरून बसला. आतल्या वायरीच्या जोडावर निळी पट्टी गुंडाळलेली होती.

"ही पट्टी माझी आहे," तो म्हणाला. "बाकीचे काळी लावतात. हा टाकीजवळच्या शाळेतल्या बाईंचा मिक्सर, दोन वर्षांपूर्वी मीच उघडलाय. त्या तुमच्या कोण?"

काकांना पटकन नातं सुचलं नाही.

"रविवारी फुकट करून देतात ते इंजिनिअर तुम्हीच?"

काकांनी मान हलवली. ती होकारार्थी हलली की नुसतीच खाली गेली, हे त्यांनाही कळलं नाही.

"म्हणजे माझी गिऱ्हाइकं तुमच्याकडे जातात, आणि तुम्ही ती घेऊन माझ्याकडे येता."

"हो."

"मग मधे तुम्ही काय करता?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "पार्ट गेलाय म्हणून सांगतो," ते म्हणाले.

मेकॅनिक चिडला असता तर बरं झालं असतं. तो हसला, आणि हसता हसता मिक्सरच्या मोटरमधला झिजलेला कार्बन बदलला. पूर्वी दिवसाला सात-आठ वस्तू यायच्या, आता आठवडाभरात काका आणतात तेवढ्याच येतात, या महिन्याअखेर दुकान सोडतोय, हे त्याने आपण पाऊस कमी झाला म्हणतो त्या सुरात सांगितलं. काकांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"मी उद्याच अध्यक्षांना सांगतो. बंद करा म्हणतो हे सगळं."

"नका काका. बंद केलंत तरी लोक परत येणार नाहीत. मिक्सर माळ्यावर टाकतील आणि पुढच्या फुकटाची वाट बघतील." त्याने टेबल पुसलं. "त्यापेक्षा माझं एक काम करा. मोठ्या इस्पितळात देखभालीच्या माणसाची जागा निघालीय. गेलो होतो. म्हणाले, कागद दाखवा. बावीस वर्षं केलंय म्हटलं, तर म्हणे कुठल्या संस्थेत? आता मी कुठली संस्था सांगू, पुलाची?"

"मग?"

"तुमचं मंडळ सहा रविवार काम केलं की प्रमाणपत्र देतं ना? तिथे चालतं म्हणे ते. मला घ्या."

पुढच्या रविवारी मेकॅनिक इस्त्रीचा शर्ट घालून सभागृहात आला. रांगेत त्याची निम्मी जुनी गिऱ्हाइकं होती. शिक्षिकाबाई त्याला बघून मोबाइलमध्ये काहीतरी शोधू लागल्या, आणि मग राहवलं नाही म्हणून म्हणाल्या, "तुमचं दुकान ना, जरा लांब पडतं हो." दुकान त्यांच्या शाळेच्या वाटेवर होतं.

"काम येतं का काही?" अध्यक्षांनी विचारलं.

"थोडंफार," मेकॅनिक म्हणाला.

"काळजी नको. आमच्या साहेबांच्या हाताखाली तयार व्हाल. साहेब, जरा परीक्षा घेऊन बघा बरं यांची."

ही दुसऱ्यांदा आलेली वेळ होती. ती काकांनी ओळखलीसुद्धा. सगळी रांग त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी टेबलावरची एक इस्त्री उचलली, मेकॅनिकपुढे ठेवली आणि परीक्षकाला शोभेल अशा जड आवाजात म्हणाले, "बघा, काय झालंय हिला."

मेकॅनिकने ती दोन मिनिटांत उघडली. "कॉइल चांगली आहे. थर्मोस्टॅट चिकटलाय." मग त्याने काकांकडे पाहिलं. "बरोबर आहे का साहेब?"

"बरोबर," काका म्हणाले.

"वा," अध्यक्ष म्हणाले. "शिकण्याची तयारी दिसते."

मंडळाच्या इतिहासात ते सहा रविवार सोन्याचे ठरले. कुणालाही पुन्हा या म्हणावं लागलं नाही. मेकॅनिक दुरुस्त करायचा, काका बॅटरी धरायचे. बॅटरी कुठे धरायची तेही तो हळू आवाजात सांगायचा, "जरा डावीकडे साहेब," आणि बघणाऱ्यांना वाटायचं, साहेब दोष दाखवताहेत. "चांगला पोरगा तयार केलात हो काका," एक आजोबा म्हणाले. पोराच्या कानशिलावरचे केस पांढरे होते. मंडळाच्या अहवालात अध्यक्षांनी लिहिलं, की या उपक्रमाने आपल्या भागातल्या लोकांचा पैसा वाचवला आणि भागाच्या अर्थकारणाला मोलाचा हातभार लावला. अहवालाचा कच्चा मसुदा टेबलावर पडला होता. मेकॅनिकने तो वाचला.

"वाचला तो पैसा कुठे जायचा होता, ते नाही लिहिलं," तो म्हणाला, आणि पुढची किटली ओढून घेतली.

सहाव्या रविवारी निघताना बायकोने काकांच्या शर्टाच्या खिशात एक घडी केलेला कागद घातला. आदल्या दिवशी काकांनीच तो चार वेळा खोडून पाचव्यांदा लिहिला होता: सदर व्यक्ती बावीस वर्षे हे काम करीत असून मंडळाने आजवर दुरुस्त केलेली प्रत्येक वस्तू त्यांनीच दुरुस्त केलेली आहे. मला हे काम येत नाही.

"नुसतं उतरवून काढायचंय," ती म्हणाली. "उतरवायचं काम तुम्ही जन्मभर केलंय."

संध्याकाळी अध्यक्षांनी प्रमाणपत्राचा छापील फॉर्म काकांपुढे ठेवला. वर मंडळाचं बोधचिन्ह, खाली 'तांत्रिक प्रमुखांचा शेरा' आणि त्यापुढे एक ओळ.

"नीट लिहा हं साहेब," अध्यक्ष म्हणाले. "इस्पितळाचे दोन विश्वस्त आपल्याकडचेच. तुमच्या सहीला वजन आहे तिथे. आणि हो, उत्कृष्ट स्वयंसेवक म्हणून यंदा तुमचंच नाव पाठवलंय वर."

मेकॅनिक टेबलाच्या पलीकडे उभा होता. हात पुसून, नुसता उभा. काकांनी खिशाला हात लावला. कागद तिथे होता. त्यांनी चष्मा पुसला, पेनचं टोपण काढलं, आणि चौतीस वर्षांच्या सवयीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'यांनी सहा रविवार माझ्या मार्गदर्शनाखाली समाधानकारक काम केले.' आधी 'उत्कृष्ट' लिहायचं त्यांच्या मनात होतं. पण उत्कृष्ट म्हटलं की कुणीतरी चौकशी करतं.

मेकॅनिकने कागद वाचला. एकदा वाचून झाल्यावर परत पहिल्या शब्दापासून वाचला. मग घडी न घालता, सुरकुती पडू नये म्हणून दोन्ही हातांत धरला.

"अक्षर सुरेख आहे काका तुमचं," तो म्हणाला. टोमणा नव्हता तो. त्यात टोमणा शोधत काका घरापर्यंत चालत आले.

"सांगितलंत?" बायकोने दारातच विचारलं.

"फॉर्मवर एकच ओळ होती."

तिने त्यांच्या खिशातला कागद काढला आणि शर्ट धुवायला टाकला.

पंधरा दिवसांनी मेकॅनिकचा फोन आला. "लागली नोकरी काका. उद्यापासून हजर व्हायचंय."

"छान झालं!" काका उठून उभे राहिले. खरोखरच छाती हलकी झाली त्यांची. "पगार बरा देतायत ना?"

"शिकाऊचा."

"शिकाऊचा का?"

"कागदावर सहा रविवार आहेत ना. आणि ज्याच्या हाताखाली टाकलंय, तो तेवीस वर्षांचा आहे. कोर्स केलाय त्याने. मुलगा चांगला आहे पण, मला काका म्हणतो."

काका बसले. काहीतरी बोलायला हवं होतं. "चालेल की," ते म्हणाले. "शिकाऊ म्हणजे किती दिवस, महिना-दोन महिने?"

इस्पितळाच्या नियमांप्रमाणे शिकाऊ काळ तीन वर्षांचा असतो.