साडेसातची घंटा

खरं तर हे मी सांगायचं नव्हतं, अंबूआक्काची तशी ताकीद आहे. मी बेळगावच्या जेझुइट फादरांच्या शाळेची घंटा बोलतेय.

जन्माने मी गुंजीच्या आगगाडीच्या रुळाचा तुकडा. रूळ बदलले तेव्हा मी भंगारात पडले. फादरांनी मला आणून बोर्डिंगसमोरच्या फणसाला टांगलं आणि हातोडा स्वयंपाकीण अंबुबाईच्या, म्हणजे आमच्या अंबूआक्काच्या, हाती दिला. गंजून जायची, ती बोलती झाले.

१९१२ साली निपाणीकडचा बाबगोंडा चौगुले बोर्डिंगात आला. जैनाघरचा मुलगा, दिवस मावळल्यावर जेवत नसे. जेवणाची घंटा तर साडेसातला. आठ दिवस तो फुटाणे खाऊन झोपला. नवव्या दिवशी त्याने ट्रंक भरली.

"आक्का, उद्या अण्णा न्यायला येणार. शाळा संपली माझी."

वेगळ्या चुलीवर त्याचा भात शिजवणं आक्काच्या हातात होतं, जेवणाची वेळ नव्हती. तिने भाताचं पातेलं उतरवलं. मग हातोडा घेऊन तडक माझ्याकडे आली. ऊन अजून फणसाच्या शेंड्यावर होतं. तिने मला बडवलं.

"एवढ्यात जेवायला आम्ही काय कोंबड्या?" मोठी मुलं कुरकुरली.

"कोंबड्या बऱ्या. गप खात्यात तरी."

फादर बाहेर आले. "अंबुबाई, साडेसात वाजले?"

"व्हय की."

"सूर्य अजून वर आहे."

"त्याला उशीर झाला असंल, फादर."

फादरांनी दारातून आत पाहिलं. बाबगोंडा खाली मान घालून भराभर जेवत होता. त्यांनी खिशातलं घड्याळ काढलं आणि काटे पुढे फिरवले.

"माझंच मागे पडलं वाटतं," ते म्हणाले.

ट्रंक पुन्हा रिकामी झाली. पुढे चार वर्षं आमच्या शाळेत साडेसात उन्हातच वाजले.

आता १९४७ साल आहे. व्हरांड्यात नामवंत विद्यार्थ्यांची फळी आहे. न्यायाधीश, संपादक, प्राध्यापक अशा नावांखाली आज नवं नाव आलं, डोळ्यांचे डॉक्टर बाबगोंडा चौगुले. फळीवर आक्काचं नाव नाही, माझंही नाही. त्याचं मला काही वाटत नाही. भंगारातल्या लोखंडाला कुणाच्या तरी उपयोगी पडता आलं, हे थोडं नव्हे.

भाषणं लांबलीत. नव्या फादरांनी पाहुण्यांचं जेवण साडेसातला ठेवलंय. डॉक्टरांनी एकदा फणसाच्या शेंड्याकडे बघितलं. तेवढ्यात काठी टेकत अंबूआक्का आली, दुसऱ्या हातात हातोडा.

"काय गं, गप्पा मारत बसलीस व्हय? चल, पोरगं उपाशी हाय."

आले, आक्का. मला एवढंच सांगायचं होतं, की आजवर मी जितक्या वेळा वाजले, त्यातली सगळ्यात खरी वेळ— ठण्ण!