नववा ग्रह

नव्या सुनेनं हातातलं खुरपं थांबवलं आणि हळूच म्हटलं, "आत्याबाई, नऊ नाही हो. ग्रह आठच आहेत."

कांद्याच्या वाफ्यात बायकांची ओळ बसली होती. कालच पाणी दिल्यामुळे ओली माती खुरप्याला चिकटत होती. सगळ्यांच्या पुढे मास्तरीण. ती नावाचीच मास्तरीण, शाळेत तिला कुणी शिकवायला ठेवलं नव्हतं. पण गल्लीत सातवीपर्यंत शिकलेली ती एकटीच, म्हणून पाच पोरं रोज संध्याकाळी गृहपाठ घेऊन तिच्या ओट्यावर बसायची. गणित असो, भूगोल असो, मास्तरीण म्हणायची, "पुस्तक मिट, मी सांगते." आणि दुसऱ्या दिवशी काय काय सांगितलं ते वाफ्यात सगळ्यांना ऐकवायची. आज नऊ ग्रहांची पाळी होती. गल्लीत लग्न होऊन आलेली ही नवी सून मात्र बारावी झालेली. ती आल्यापासून मास्तरणीचा आवाज जरा जास्तच चढला होता.

"आठ? अगं, छड्या खाऊन पाठ केलेत मी!"

"तेव्हा नऊच होते. नंतर एक काढला."

"काढला म्हणजे? कुणी?"

"शास्त्रज्ञांनी. फार लहान आहे म्हणे."

ओळीत मागून एक म्हातारी खिदळली. "घ्या! तिथंपण लहानालाच हाकलतात."

सगळ्या हसल्या. मास्तरणीला मात्र पोरांच्या वह्या आठवल्या. आज शाळेत मोठे साहेब वह्या बघायला येणार होते. पाचही वह्यांत नऊ ग्रह. त्यातली एक वही तिच्या भाचीची, भावाच्या मागं तिनंच वाढवलेल्या पोरीची. साहेब सगळ्यांदेखत विचारणार, कुणी सांगितलं हे? आणि पोर खाली मान घालून उभी राहणार.

"मास्तरीण, कांदे उपटतेस की तण?" म्हातारी ओरडली. हातात खरंच दोन रोपं होती. तिनं ती तिथंच खोचली, पदर कमरेला बांधला आणि उठली.

शाळा भरायला थोडाच वेळ होता. रस्त्यानं उशीर होईल म्हणून ती बांधावरून धावत सुटली. एका चपलेचा अंगठा तुटला, तिनं दोन्ही चपला हातात घेतल्या. साहेबांना काय सांगायचं? माझ्या वेळी नऊ होते, असं? ऐकून घेतील का? आणि हे एक चुकलं, तर आजवर आणखी काय काय चुकलं असेल, या विचारानं तिला पळता पळताच रडू यायला लागलं.

ओढ्यावरच्या पुलाशी पोचली आणि थबकली. कठड्यावर पाचही पोरं बसली होती, मांडीवर वह्या उघड्या. मधोमध भाची, हातात विज्ञानाचं पुस्तक. ती वाचत होती आणि बाकीचे भराभर खोडत होते. कठड्यावर खोडरबराचा चुरा पडला होता. जुना, मातीत मिसळलेला चुराही होता.

"रोज खोडता?" मास्तरणीनं विचारलं.

पोरं दचकली. भाचीनं वही छातीशी धरली. "रोज नाही, आत्या. इतिहास कधीकधी. विज्ञान… जास्त."

"आणि गणित?"

"गणित कधीच नाही! तुझी गणितं सगळी बरोबर असतात."

"मग मला सांगितलं का नाही?"

सगळ्यात धाकटीनं तोंड उघडलं. "तुम्ही रुसला असता. मग गणितं कुणी सांगितली असती?"

मास्तरणीला हसू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. पाच चिमुरडी तिला इतके दिवस सांभाळून घेत होती, हे तिला फार लागलं. ती कठड्यावर टेकली, भाचीची वही ओढली आणि स्वतःच्या हातानं 'नऊ' खोडलं. कागदावर मातीचं बोट उमटलं. घंटा झाली, पोरं पळाली.

ती वाफ्यात परतली तेव्हा ऊन चढलं होतं.

"सापडला का गं तुझा ग्रह?" म्हातारीनं विचारलं.

"आठच आहेत. मीच एक जादा सांभाळत बसले होते."

कुणी हसलं नाही. मास्तरीण पुढची जागा सोडून नव्या सुनेशेजारी बसली. तण काढता काढता खाली बघतच म्हणाली, "संध्याकाळी ओट्यावर ये. विज्ञान तू सांग. पण गणिताला हात लावायचा नाही."