नवसाचा बोकड आणि हसाजीबाबांचा हात

मी एक बोकड बोलतोय. ठाण्यात टेंभी नाक्यामागच्या गल्लीत, हसाजी झिराडकरांच्या ओटीवर माझं दावं आहे. आपली जीवनकथा सांगण्याइतकं आयुष्य बोकडाला सहसा मिळत नाही. मला मिळालं, आणि ते कसं मिळालं तेच सांगायचं आहे.

आमच्या घरचे लोक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. बोलणं मराठी, कालवणात नारळाचं दूध, आणि शनिवार आला की घरातली सगळी कामं बंद. त्यांचे पूर्वज अब्राहाम, इसहाक आणि याकोब. ह्या तिघांचा विषय घरात इतक्या वेळा निघतो, की ही मंडळी पलीकडच्याच आळीत राहत असावीत, अशी माझी बरेच दिवस समजूत होती. मग ऐकता ऐकता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. श्रद्धा त्यांची, पण झळ मात्र दर वेळी आम्हाला. अब्राहाम मुलाला अर्पण करायला डोंगरावर घेऊन गेला. मुलगा वाचला, आणि झुडपात शिंगं अडकलेला एडका गेला. एडका म्हणजे आमचा चुलतभाऊ. पुढे आंधळ्या इसहाकानं थोरल्या एसावाला आशीर्वाद द्यायचं ठरवलं. तो धाकट्या याकोबाला मिळावा म्हणून त्यांच्या आईनं याकोबाच्या हातांना करडांची कातडी गुंडाळली, कारण एसाव केसाळ होता. दोन करडं गेली. त्यानंतर योसेफाला त्याच्या भावांनी विकलं आणि बापाला दाखवायला त्याचा झगा बोकडाच्या रक्तात बुडवला. ग्रंथात ह्या सगळ्यांची नावं आहेत. आमच्यापैकी एकाचंही नाव लिहायची कुणाला बुद्धी झाली नाही.

माझा जन्म कोलशेतचा. मिठागरावर काम करणाऱ्या घरातल्या आवडाबाईंच्या अंगणात मी वाढलो. त्यांनी मला विकलं तेव्हा फार जड अंतःकरणानं विकलं, असं म्हणायची माझी इच्छा आहे. प्रत्यक्षात त्या म्हणाल्या, "यो बोकर लय खोडीचा हाय गो बाय! माजी वालाची आर्धी वारी यानंच खाल्ली. घेऊन जा, मी सुटली." वारी म्हणजे त्यांची वाडी.

विकत घेणाऱ्या बाई म्हणजे हसाजीबाबांच्या पत्नी, हन्नाबाई. त्यांनी माझे दात पाहिले, कान पाहिले, चारही खूर उचलून पाहिले. इतकं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं. गल्लीत पोचल्यावर त्या शेजारच्या वासंतीबाईंना म्हणाल्या, "नवसाचं जनावर आहे. अव्यंगच लागतं." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्यांचा मुलगा सॅमसन विषमज्वरानं आजारी पडला होता. तो उठून बसला तर मलिदा करीन आणि बोकडाचं जेवण घालीन, असं हन्नाबाई एलियाहू पैगंबराला बोलल्या होत्या. मलिदा म्हणजे गूळ-खोबरं घातलेले गोड पोहे. त्याला माझी काही हरकत नव्हती. सॅमसन उठून बसला, कल्याणच्या इंजिन शेडमध्ये पुन्हा कामालाही जाऊ लागला. पण नवस पुढे पुढे जात राहिला. कधी सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हज्जान पेणला गेलेले, आणि बोकड कापायचा तर त्यांच्याच हातून. कधी घरात पाहुणे, कधी कुणाचं सुतक. मी मात्र ओटीवर बसून वासंतीबाईंच्या तुळशीकडे बघत धष्टपुष्ट होत होतो.

घरात चार माणसं. हसाजीबाबा लष्करी इस्पितळात कंपाउंडर होते. निवृत्त झाले आणि काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. हन्नाबाईंविषयी सांगितलंच. सॅमसन थोरला, हातांवर केस असे, की पाठीमागून पाहिलं तर मला तो आमच्यातलाच वाटे. धाकटी राहेल मुलींच्या शाळेत शिकवायची. सकाळी बाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि शनिवारी ग्रंथातल्या गोष्टी. वाचताना एखादी ओळ चुकली की बाबा लगेच दुरुस्त करायचे. त्यांना सगळं पाठ होतं. तरी रोज तिच्याकडूनच वाचून घ्यायचे.

शुक्रवारची संध्याकाळ मला फार आवडायची. हन्नाबाई तेलाचे दिवे लावायच्या, काळ्या मनुकांचं सरबत व्हायचं. मग सॅमसन आणि राहेल बाबांसमोर डोकं वाकवून बसायची. बाबा आधी सॅमसनचं मनगट चाचपून बघायचे आणि डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "देव तुला एफ्राईम आणि मनश्शेसारखा करो." मग राहेलची पाळी. आशीर्वाद देऊन झाला की ते स्वतःच्या बोटांचं चुंबन घ्यायचे, ही त्यांच्या लोकांची रीत. याकोबानं एफ्राईम आणि मनश्शे ह्या आपल्या नातवंडांच्या डोक्यावर ठेवलेला हात असा पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरत टेंभी नाक्यापर्यंत आला होता.

आणि एका शुक्रवारी तो अडला.

राहेलचा मामा आदल्या वर्षी इस्राएलला गेला होता. तिकडे नवा देश उभा राहत होता. आता मामी आणि मुलं बोटीनं निघणार होती आणि राहेलनंही त्यांच्याबरोबर जायचं ठरवलं. तिनं हे सांगितलं, त्या संध्याकाळी बाबांनी सॅमसनला आशीर्वाद दिला आणि हात मांडीवर ठेवला. राहेल वाकून बसून राहिली. हात काही उठला नाही.

मग घरात जे भांडण जुंपलं, त्यात अब्राहामापासून सगळे ओढले गेले.

"अब्राहामाला देवानं सांगितलं, निघ म्हणून," बाबा म्हणाले. "हिला कुणी सांगितलं?"

"अब्राहामानं तरी बापाला विचारलेलं का?" हन्नाबाई म्हणाल्या.

"आणि जाते कुणाकडे? मामाकडे! याकोब पण मामाकडेच गेलेला. चौदा वर्षं राबवून घेतलं त्याला मामानं."

"माझ्या भावाला बोलायचं काम नाही हं! आणि याकोब गेला तो बापाचा आशीर्वाद घेऊन गेला."

बाबांनी विषय बदलला. "कल्याणच्या निर्वासितांच्या छावणीत जाऊन बघ म्हणावं. आपलं गाव सोडून आलेली माणसं कशी राहतात ते."

"अहो, ती बिचारी सोडायला लागलं म्हणून आलेली. ही स्वतःहून चाललीये."

"तेच तर म्हणतोय मी!" बाबा ओरडले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

राहेलही त्यांचीच मुलगी. आईला म्हणाली, "बाबांचा हात डोक्यावर पडला नाही तर मी बोटीवर पाय ठेवणार नाही. पण मी मागणार नाही. त्यांनी आपणहून द्यायला हवा." बाबा आपणहून देणार नव्हते, राहेल मागणार नव्हती, आणि बोटीचा दिवस जवळ येत होता. सकाळचं वर्तमानपत्र दोघं पूर्वीसारखीच वाचत. ती वाचायची, ते दुरुस्त करायचे. त्यापलीकडे एक शब्द नाही. मला बोकड असूनही ते बघवत नव्हतं.

शेवटी हन्नाबाईंनी बेत रचला. त्या ओटीवर तांदूळ निवडत होत्या, शेजारी राहेल आणि सॅमसन. बाबा आत झोपलेले.

"शुक्रवारी सॅमसनच्या जागी तू बसायचं," त्या हळूच राहेलला म्हणाल्या. "त्याचा कोट घाल, टोपी घाल. एकदा दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही. इसहाकालाही नाही आला."

"आई, बाबा आधी मनगट बघतात," राहेल म्हणाली. "माझं मनगट बघ आणि ह्याचं बघ."

सॅमसननं अभिमानानं आपला हात पुढे केला. हन्नाबाईंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"गुरुवारी नवस फेडतोच आहोत," त्या म्हणाल्या. "कातडं घरातच असेल."

माझ्या तोंडातला पाला खाली पडला. इतक्या पिढ्या गेल्या, समुद्र ओलांडून झाले, भाषा बदलली, पण ह्यांच्या घरात आशीर्वादाची अडचण आली की पहिली आठवण आमची!

मी विचार केला. धावून सुटका नाही, दावं पक्कं. खोकला काढून पाहिला, तर हन्नाबाईंनी गुळातून सुंठ दिली. ती छान होती, पण उपयोग शून्य. मग मला त्यांचा पहिला शब्द आठवला: अव्यंग. बुधवारी सकाळी मी मागे सरकलो, डोळे मिटले आणि दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं. पुन्हा आपटलं. बाबा आतून म्हणाले, "दार उघडा कुणीतरी, पाहुणे आलेत." अखेर माझं डावं शिंग अर्ध्यात मोडून उंबऱ्यावर पडलं. दुखलं फार. पण मान कापण्यापेक्षा कमीच दुखलं असणार.

गुरुवारी हज्जान आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "हन्नाबाई, हे जनावर नवसाला द्यायचं म्हणता?"

"काल सकाळपर्यंत धड होता हो मेला!"

माझ्याऐवजी कोंबड्या गेल्या. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, पण फार वेळ नाही. मलिदा झाला, एलियाहूचं नाव घेतलं गेलं, सगळ्यांनी ताटं पुसून खाल्ली. सणसणीत डोकेदुखी घेऊन मी ओटीवर बसलो होतो, आणि माझं कातडं माझ्याच अंगावर होतं.

शुक्रवार आला. कातडं नाही म्हणून हन्नाबाईंनी जुन्या घोंगडीचा तुकडा कापला आणि राहेलच्या मनगटाला दोऱ्यानं बांधला. कोट तिच्या गुडघ्यापर्यंत आला, टोपी कानांवर उतरली. सॅमसनला स्वयंपाकघराच्या दारामागे उभा केला. दिवे लागले. राहेल बाबांसमोर वाकून बसली. मला त्या गडबडीत कुणी बांधलंच नव्हतं.

आता खरं सांगतो, माझ्या मनात कुणाचं भलंबुरं काही नव्हतं. घोंगडीच्या त्या तुकड्यावर आदल्या दिवशीचा मलिदा सांडला होता. गुळाचा वास थेट ओटीवर येत होता. मी आत गेलो आणि राहेलच्या मनगटाला तोंड लावलं. तिनं दचकून हात मागे घेतला, ती बाजूला कलंडली, मी पुढे झालो, आणि त्याच क्षणी बाबांचा हात खाली आला तो माझ्या डोक्यावर.

हन्नाबाईंनी पदर तोंडात कोंबला. दारामागे सॅमसनच्या हातातलं भांडं वाजलं. बाबांची बोटं माझ्या कपाळावरून फिरली, कानावर गेली, मोडक्या शिंगावर क्षणभर थांबली. मला वाटलं, आता काठी बसणार. पण बाबांनी डोळे मिटले आणि आशीर्वाद म्हणायला सुरुवात केली. सावकाश, एकही शब्द न गाळता. मी जन्मात पहिल्यांदा हललो नाही. तो हात गरम होता.

शेवटचं आमेन झालं. बाबांनी बोटांचं चुंबन घेतलं आणि म्हणाले, "सॅमसन, न्हाव्याकडे जा रे एकदा. आणि दाढी कधीपासून ठेवलीस?"

मग बाबांनी मान राहेलकडे वळवली.

"राहेल," ते म्हणाले, "तो कोट काढ. घोंगडी काढ. ये अशी समोर."

"तुम्हाला कळलेलं?" हन्नाबाईंनी विचारलं.

"पोरगी खोलीत आली की मला कळतं. वीस वर्षं ऐकतोय तिची पावलं. अगं, इसहाकालासुद्धा कळलं होतं. आवाज याकोबाचा आहे, असं तो तोंडानं म्हणाला, ग्रंथात लिहिलंय. तरी दिला आशीर्वाद. का दिला? एकदा नाही म्हणून बसलेल्या बापाला हो म्हणायला तोंड राहत नाही. मग कुणीतरी फसवलं तर बरं पडतं. मी किती शुक्रवार वाट बघतोय, कुणी फसवतंय का म्हणून! आणि शेवटी फसवलंत, तेही बोकड आणून!"

राहेल हसायला लागली आणि हसता हसता रडली. सॅमसन बाहेर आला आणि तिच्या शेजारी बसला. बाबांनी डावा हात थोरल्यावर ठेवला आणि उजवा धाकटीवर. म्हाताऱ्या याकोबानंही नातवंडांना आशीर्वाद देताना हात असेच ठेवले होते, उजवा धाकट्यावर. "देव तुला सारा, रिबका, राहेल आणि लेआसारखी करो," असा मुलींचा आशीर्वाद. बाबा राहेल ह्या नावापाशी आले आणि अडखळले. ते नाव त्यांना पुन्हा म्हणावं लागलं.

नंतर हन्नाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि ह्याचं काय करायचं? रविवारी कालवण?"

"खबरदार!" बाबा म्हणाले. "दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही, तूच म्हणालीस ना? आता तो एफ्राईम आणि मनश्शे आहे."

राहेल बोटीनं गेली. त्याला आता काही वर्षं झाली. सॅमसनचं लग्न झालं, त्याला कल्याणला रेल्वेची खोली मिळाली; पण शुक्रवारी दिवस मावळायच्या आत तो येतो. वर्तमानपत्र आता हन्नाबाई वाचतात. त्या इतक्या चुकतात की बाबांनी दुरुस्त करणं सोडून दिलं आहे. माझे गुडघे धरलेत, दात हलतात, आणि वासंतीबाईंची तुळस माझ्यासमोर निर्धास्त वाढते आहे.

शुक्रवारी दिवे लागले की सॅमसन समोर बसतो. बाबा डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवतात. उजवा हात थोडा वेळ तसाच हवेत राहतो. मग ते म्हणतात, "आणा रे त्याला." मी जातो आणि डोकं वाकवतो. बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवून सारा, रिबका, राहेल, लेआ म्हणतात, आणि मग बोटांचं चुंबन घेतात. "अहो, आधी हात धुवा," असं हन्नाबाई दर वेळी म्हणतात, पण पाणी कधी आणत नाहीत.

राहेल, बाई, हे सगळे आशीर्वाद तुझे आहेत. मी त्यातलं काहीही खाल्लेलं नाही. माझ्या बाबतीत ही साधी गोष्ट नाही, हे तुला ठाऊक आहे. पण मी म्हातारा बोकड. किती शुक्रवार उभा राहणार? एकदा ये आणि ह्या हाताखाली तू बस.