मारो

"हे वावर कोणाचं?" मोजणीवाला धुऱ्याच्या बांधावर उभा राहून तिसऱ्यांदा विचारत होता, अन् सेवादास त्याच्या पेनाकडं बघत गप.

लिहिणाऱ्या माणसाचा त्याला विंचवापेक्षा जास्त धाक. नऊ वर्षांमागं त्याचा भाऊ खेमसिंग बाभूळ छाटताना पडला, डोकं दगडावर आपटलं. सेवादासनं त्याला मांडीवर घेऊन टाहो फोडला, "मारो भाई! मारो भाई!" गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, मारो म्हणजे माझा, हे तांड्यातली शेळीही सांगेल. पण शेजारच्या वावरातल्या घनश्यामनं हिंदीतलं मारो ऐकलं. शिपायानं तेच लिहिलं, कोर्टानं तेच वाचलं, अन् सेवादास खुनी ठरून आत गेला. वरच्या कोर्टाला तो शब्द कळायला आठ वर्षं लागली.

सुटून आल्यापासून चहात साखर कमी आहे, हेसुद्धा तो बायकोला, भुरीबाईला, दार लावून सांगे.

तो आत असताना घनश्यामचा धुरा सोयाबीनच्या चार ओळी इकडं चालत आला होता. हद्दीचा दगड तर जमिनीनंच गिळला म्हणे! आज बोलला नाही, तर ती पट्टी कायमची जाणार.

"आवो, बोला ना! काहून गप हा?" भुरीबाई खेकसली.

"बोललो अन् यायनं भलतंच लिवलं तं?"

घनश्याम खदखदला. "त्याच्यापाशी बोलाले काही नाहीच, साहेब. लिवा माह्यं नाव."

पेन कागदाला टेकलं. तसा सेवादास भुरीबाईच्या हातचं फावडं हिसकून धावला अन् बाभळीच्या रेषेत काळ्या मातीवर दणका घातला. खण्ण! माती उडाली, गाडलेल्या दगडाचं डोकं दिसलं. सेवादास आभाळ फाटेल असा ओरडला, "मारो खेत! मारो!"

घनश्याम जो पळाला, तो म्हणे दारव्ह्याला जाणारी जीप मागं टाकून गेला. एक चप्पल मात्र दगडापाशीच राहिली.

मोजणीवाला चाचरला. "मारो म्हणजे... काय भाऊ?"

"माह्यं. माह्यं शेत. आधी लिवा, मंग वाचून दाखवा."

तीनदा वाचून घेतलं, भुरीबाईकडून कागदाचा फोटो काढवला, तेव्हा कुठं त्यानं फावडं खाली ठेवलं.

"ते चप्पल फेका तिकडं," भुरीबाई म्हणाली.

"हात नोको लावू!" सेवादास दचकला. "चोरी लिवतीन."